फुल बाहीचा शर्ट

उद्यमनगरात हाताला जखम असणं म्हणजे
कपाळाला गंध असल्यासारखं,
कुणी विचारत नाही.
लेथवर लोखंडाची चिप उडतेच,
निळी, कुरळी, तापलेली.
माणूस चिंधी गुंडाळतो, पुढचा जॉब लावतो.

म्हणून भूपालचे हात
मला दिसूनही दिसले नाहीत.

आमच्या शेडना भिंत एकच.
पलीकडं त्याचं लेथ चालू असलं
की माझ्या चहात गोल गोल लाटा उठायच्या.
गणपतीनंतर पंपवाल्या कंपनीनं शाफ्टची ऑर्डर थांबवली
आणि चहावर साय धरायला लागली.

यायचा मात्र रोज. साडेआठला शटर वर.
मशीन पुसायचा, तेल द्यायचा, पुन्हा पुसायचा.
फोन बेंचवर पालथा.
थरथरत, सरकत, फोन काठापर्यंत यायचा
आणि तो नुसता बघत बसायचा,
पडतोय का.

भिशी आधीच उचललेली.
मेव्हण्याचे 'आठ दिवसांत देतो' म्हणून आणलेले.
बाकीचे ॲपवरचे. त्या वसुलीच्या पोरांनी
त्याच्या लेकीच्या क्लासच्या बाईंनासुद्धा फोन लावला होता,
हे मला फार उशिरा कळलं.

आणि मी काय म्हणत होतो?
'हुईल की रं भावा. मार्केटच बसलंय.'
एकदा तर म्हणालो, 'पैलवान गडी तू, आन् असलं तोंड?'
तो हसला.
ते हसू मी मोजमाप न घेता पास केलं.

वैशाख. पत्रा असा तापलेला
की कुत्रंसुद्धा लेथखालच्या तेलकट सावलीत.
आणि भूपाल फुल बाहीच्या शर्टात,
मनगटाची बटणं लावून.

बावीस वर्षं त्याला अर्ध्या बाहीत बघितलाय.
लेथवर फुल बाही घालायची नसते,
मशीन ओढून घेतं आत.
हे मला शिकवलं कुणी? त्यानंच.

त्या रात्री पंख्याकडं बघत पडलो.
पहाटे त्याला गाडीवर घातला, गंगावेशीला नेला.
म्हशी उभ्या. कासंडीत धारा वाजत होत्या.
फेसाळ ग्लास त्याच्या हातात दिला
आणि शब्द शोधत बसलो.
मिलीमीटरचा शंभरावा भाग
आम्ही नखानं ओळखतो.
हे कसं विचारायचं, ते कुठल्या उस्तादानं शिकवलं नव्हतं.

'भूपाल, ह्या जखमा लोखंडाच्या न्हाईत.'
'न्हाईत.'
'जीव द्यायचं मनात येतंय?'

म्हशीनं मान झटकली.
'रोज येतंय, दस्तगीर.
निजलो तरी डोक्यात व्याज चालूच.'
मग दुधाचा ग्लास तसाच धरून
तो रडला, मिशीला फेस असताना.
गवळी तोंड फिरवून उभा राहिला.
पैसे घेतले नाहीत म्हणावं, तर तसं काही नाही.
घेतले.

सीपीआरला नऊची लाइन.
रत्नमाला वहिनी रिक्षानं आल्या, पायात दोन जातीच्या चपला.
'रात्री उठून बसायचे,' म्हणाल्या,
'मला वाटायचं, पित्त.'
केस पेपरवर 'व्यवसाय' पाशी त्याचं पेन अडलं.
मी काही बोललो नाही.
बऱ्याच वेळानं त्यानं लिहिलं: टर्नर.

कर्ज आहे तेवढंच आहे.
फोन आता वहिनी उचलतात,
कॅलेंडरच्या पाठीमागं नाव, रक्कम, तारीख लिहितात,
आणि आवाज चढला की ठेवून देतात.
गोळ्या आहेत, दर बुधवारी डॉक्टर आहेत.
काही बुधवार तो जायचं नाही म्हणतो.
मग मी गाडी काढतो.

परवा तीस बुशचं छोटं काम आलं.
लेथ सुरू झालं आणि मध्येच थांबलं.
थांबलं की मी अजून धावत जातो.
गेलो, तर भूपाल अर्ध्या बाहीत,
समोर चहावाला पोरगा, किटली हातात,
'काका, ह्ये काय झालं हाताला?'

भूपालनं एक स्टूल त्याच्याकडं सरकवलं.
मी दारातूनच मागं फिरलो.